गोदावरीचं पाणी मोजताय? एकदा पहाटे पाचला जाऊन बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सी झूलॉजीची काही मुलंमुली दर रविवारी सकाळी अकरा-बाराच्या सुमारास गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड, टाकळी आणि त्याच्या खाली आणखी एक जागा अशा पाच ठिकाणी गोदावरीचं पाणी तपासतात. पीएच आणि टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं) पेन आहे, डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट आहे. शेवटच्या जागी उन्हाळ्यात डीओ चक्क १० मिलीग्रॅम प्रति लिटर आला, पीएच ८.८, टीडीएस साडेतीनशेच्या आत, म्हणजे कागदावर सगळं झकास, आणि त्याच जागी मे अखेरीस एका सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसला. तर किट खराब आहे का, महागडा सेन्सर घ्यावा का, आणि पंधरा हजारांत अजून काय मोजता येईल?

मी नाशकातच राहतो, गोड्या पाण्यातले जीव आणि पाण्याची गुणवत्ता हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

किट बहुतेक ठीक आहे. तो १० चा आकडाच सांगतोय की तिथे काहीतरी बिनसलंय. २८ अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळून ऑक्सिजन किती राहू शकतो तर समुद्रसपाटीला साधारण ७.८ मिलीग्रॅम, आणि नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी म्हणून तो आकडा ७.३ पर्यंत खाली येतो. म्हणजे तुमचे १० हे जवळपास १३७ टक्के झाले, मग हा वरचा ऑक्सिजन आला कुठून? तो पाण्यातल्या शेवाळाने तयार केला, ऊन होतं, सांडपाण्यातून आलेलं नायट्रोजन आणि फॉस्फरसचं खत होतं, पाणी जवळपास उभं होतं, सगळं शेवाळाला हवं तसं. पण सूर्य मावळला की हेच शेवाळ ऑक्सिजन बनवायचं थांबवतं आणि श्वासासाठी तो वापरायला लागतं, खाली गाळातले जिवाणू रात्रंदिवस ऑक्सिजन खातच असतात, आणि असं करत करत पहाटे चार ते सहाच्या दरम्यान पाण्यातला ऑक्सिजन तळ गाठतो. दुपारी १० असलेल्या पाण्यात पहाटे दीड-दोन मिलीग्रॅमसुद्धा सापडू शकतो. मासे मरतात ते त्या वेळेला, तुम्ही जाता अकरा वाजता, तोवर ऊन वर आलेलं असतं आणि आकडा परत चढलेला असतो. पहाटे जाऊन बघा, मासे पृष्ठभागाला तोंड लावून हवा ओढताना दिसतील, नदीकाठचे मासेमार लोक हे चांगलं ओळखतात, आपण मीटरवाले उशिरा पोचतो एवढंच.

पीएचचंही तेच. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून पीएच ८.८ वर चढला. हा आकडा नुसता लिहून सोडू नका कारण सांडपाण्याच्या नदीत अमोनिया असतोच, आणि अमोनिया किती विषारी ठरणार हे पीएच ठरवतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर, आणि ९ ला छत्तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अमोनिया तेवढाच, नाल्यातून येणारं पाणी तेवढंच, आणि दुपारी नुसता पीएच चढला म्हणून माशाच्या कल्ल्यांना तोच अमोनिया कितीतरी पटीने जाचतो. दुपारी अमोनियाचा मार, पहाटे ऑक्सिजनची टंचाई, मासा दोन्हीकडून पिळला जातो. पीएच, तापमान आणि अमोनिया हे तीन आकडे नेहमी एकत्र घ्या, एकेकटे घेऊन काही कळत नाही.

मे अखेरीसच का, याचं माझ्या मते सगळ्यात संभाव्य कारण वळवाचा पाऊस. उन्हाळाभर नाल्यांमध्ये काळा, सडका, ऑक्सिजन नसलेला गाळ साचत राहतो, वळीव एक तास धो धो पडतो आणि तो सगळा गाळ ढवळून एकदम नदीत येतो, नदीत मात्र पाणी तेवढं वाढलेलं नसतं की तो पातळ होईल. लोकांना वाटतं पाऊस पडला म्हणजे नदी धुतली गेली, पहिल्या पावसात नेमकं उलटं होतं. तुमच्या वहीत मागच्या ४८ तासांतला पाऊस हा रकाना नसेल तर आजच टाका.

आता वेळ. दर रविवारी एकाच वेळी जाता ही चांगली सवय आहे, ती मोडू नका, फक्त ती वेळ पहाटेची करा, उजाडायच्या आधी किंवा निदान ऊन पाण्यावर पडायच्या आधी. पाचही जागा एका पहाटे होत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून दोन गट करा किंवा एका रविवारी खालच्या तीन जागा आणि पुढच्या रविवारी वरच्या, पण वेळ सरकवू नका. आणि वर्षातून तीनदा, म्हणजे पावसाळा संपल्यावर, थंडीत आणि कडक उन्हाळ्यात, एकाच जागी पूर्ण चोवीस तास बसा आणि दर तीन तासांनी डीओ, पीएच, तापमान घ्या. त्या चोवीस तासांचा जो आलेख येईल तो वर्षभराच्या रविवारच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलेल, कारण दिवस-रात्रीतला फरक जेवढा मोठा तेवढी नदी खताने माजलेली असं सरळ वाचता येतं. सरकारी नमुने सहसा महिन्यातून एकदा आणि दिवसा घेतले जातात, ते देशभरातल्या शेकडो नद्यांच्या तुलनेसाठी आखलेलं काम आहे, त्यात पहाटेचा ऑक्सिजन दिसत नाही. तो तुम्ही कॉलेजची मुलं दाखवू शकता आणि ही खरंच मोठी गोष्ट आहे, फार कमी लोक हे करतात.

सेन्सरबद्दल स्पष्ट सांगतो, घेऊ नका. पाण्यात कायम ठेवायचे चांगले प्रोब लाखांत जातात, आणि आपल्याकडच्या अशा खतावलेल्या पाण्यात आठ-पंधरा दिवसांत त्यांच्यावर बुळबुळीत थर चढतो, मग आकडे हळूहळू सरकायला लागतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, शिवाय चोरी होते ते वेगळंच. त्यापेक्षा विंकलर पद्धत शिका. काचेची तीनशे मिलीलिटरची डीओ बाटली, हवेचा बुडबुडा न अडकवता पाण्याखाली भरायची, लगेच मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड प्रत्येकी दोन मिलीलिटर तळाशी सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त ऑक्सिजन तितका गडद, आणि ऑक्सिजन संपलेला असेल तर साका पांढराच राहतो. नदीकाठी पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात पांढरा साका बघितला ना, की मग कुणाला बीओडी-सीओडी (पाण्यातली घाण जिवाणूंनी कुजवायला किंवा रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते आकडे) समजावून सांगावं लागत नाही. असा ऑक्सिजन बाटलीत पकडून ठेवला की पुढचं ॲसिड आणि थायोसल्फेटचं टायट्रेशन काही तासांनी कॉलेजच्या लॅबमध्ये केलं तरी चालतं, बाटल्या अंधारात ठेवा. अझाइड विषारी आहे, सल्फ्युरिक ॲसिड काय करतं ते तुम्हाला माहीतच आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि वापरलेलं रसायन एका कॅनमध्ये परत आणायचं, नदीत एक थेंब नाही.

टीडीएसच्या पेनवर मात्र अन्याय करू नका, फक्त त्याला चुकीचं काम दिलंय. टीडीएस कमी म्हणजे पाणी स्वच्छ हा समज घरोघरी आरओ फिल्टरवाल्यांमुळे पसरलाय. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, आपला सगळा खडक बसाल्ट, त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम येतंच, आणि विष्ठेतले जंतू त्या पेनला मुळीच दिसत नाहीत. पण तेच पेन इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटीवर (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) टाकून काठाने चालत चालत दर पन्नास पावलांवर आकडा घेतलात तर जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे वर कुठेतरी नाला, फुटलेली ड्रेनेज लाइन किंवा झाडीत लपलेला पाइप मिसळतोय हे सापडतं. सांडपाण्यात मीठ असतं म्हणून हे जमतं. एका सकाळच्या चालण्यात जे मिळेल ते वर्षभराच्या पाच ठिपक्यांतून मिळणार नाही.

याच पेनने अजून एक बघा. वाघाडी ही छोटी उपनदी रामकुंडाच्या खाली मिळते, दुसरी नासर्डी म्हणजे नंदिनी टाकळीकडे मिळते, आणि नाल्याचं पाणी मुख्य प्रवाहात आलं की लगेच मिसळत नाही, बरंच अंतर एका काठाला धरून चालतं. तुम्ही उजव्या काठाला उभं राहून बाटली भरली तर एक नदी, डाव्या काठाला भरली तर दुसरी. म्हणून संगमाच्या खाली डावा काठ, मध्य, उजवा काठ अशी कंडक्टिव्हिटी घ्या, तिन्ही आकडे जुळायला लागले की समजा मिसळलं, तिथे तुमची जागा पक्की करा, आणि संगमाच्या वर एक जागा ठेवा. वर आणि खाली अशी जोडी असली तरच त्या नाल्याने किती भर टाकली हे बोलता येतं.

जागांवरून आठवलं, गंगापूर धरणाची तुमची पहिली जागा स्वच्छ नदीचा नमुना म्हणून वापरू नका. ते तळं आहे, वाहती नदी नाही, उन्हाळ्यात वरचा थर गरम आणि खालचा गार असे थर पडतात आणि खालच्या थरात ऑक्सिजन कमी असतो, त्यातले जीवही तळ्यातले, त्याची तुलना टाकळीच्या प्रवाहाशी कशी करणार? शिवाय धरणाच्या वर त्र्यंबकेश्वर गाव आहेच. कश्यपी, गौतमी किंवा ब्रह्मगिरीच्या बाजूचा एखादा ओढा शोधा, वर वस्ती नसलेला, निदान फेब्रुवारी-मार्चपर्यंत धार टिकणारा, दगडगोट्यांचा, आणि तो तुमची मोजपट्टी समजा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात सगळ्यात जास्त ५३ महाराष्ट्रातले, आणि गोदावरीचा पट्टा सोमेश्वर मंदिरापासून सुरू होऊन राहेडपर्यंत, पहिल्या म्हणजे सर्वात वाईट प्राधान्यक्रमात होता. म्हणजे तुमच्या पाचपैकी चार जागा त्या पट्ट्यातच आहेत, आणि वरची उरलेली एक जागा तळं. तुलनेला काही उरतच नाही.

पुढची गोष्ट प्रवाह, आणि ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. रामकुंडातलं पाणी कसं आहे हे त्या आठवड्यात गंगापूरमधून पाणी सोडलंय की नाही यावर फार अवलंबून असतं. आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळ पाणी सोडणं, सुरू असताना घेतलेला नमुना आणि आवर्तन बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी घेतलेला नमुना यांची सरासरी काढून काय मिळणार? प्रत्येक नमुन्यासमोर त्या दिवसाचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) लिहा, पावसाळ्यात तर रोज बातम्यांत येतो. धरणापासून लांबच्या जागांवर स्वतः मोजा, दहा मीटर सरळ पट्टा धरायचा, संत्रं किंवा बराचसा बुडणारा नारळ सोडायचा, वारा लागू नये म्हणून बुडणारी वस्तू, वेळ घ्यायचा, वरच्या थराचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो म्हणून ०.८५ ने गुणायचं आणि रुंदी गुणिले सरासरी खोलीने गुणायचं. ढोबळ असतं पण चालतं. मग हिशोब असा, एक क्युसेक पाण्यात एक मिलीग्रॅम प्रति लिटर असेल तर दिवसाला २.४५ किलो माल वाहून जातो. बीओडी ४० असलेला ३० क्युसेकचा नाला म्हणजे दिवसाला सुमारे २,९४० किलो बीओडी, आणि बीओडी १५० असलेला पण एकच क्युसेकचा छोटा नाला म्हणजे ३६७ किलो. वास आणि रंग बघून लोक त्या छोट्या नाल्यावर तुटून पडतात, नदीला मारणारा मोठा तसाच वाहत राहतो. किलोमध्ये बोललात तर महापालिकेच्या इंजिनिअरलाही पटतं, कारण तो एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) आणि किलोमध्येच विचार करतो.

याच हिशोबातून एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, कोडंही उलगडतं. एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बीओडी १० पर्यंतच असावा असं सांगितलं, आणि आंघोळीच्या नदीसाठी निकष आहे ३ किंवा कमी. वरून चांगलं पाणी येत असेल तर १० चं पाणी त्यात मिसळून ३ च्या जवळ येईल, पण एप्रिल-मे मध्ये आवर्तन नसताना टाकळीच्या खाली वरून येतंच काय? नदी म्हणजे जवळपास तेच एसटीपीचं पाणी, अधिक नाले. म्हणजे एसटीपी शंभर टक्के नियमात चालला तरी खालची नदी नियमात बसणार नाही. मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाहीये, गणितच तसं आहे, आणि म्हणून नदीत उन्हाळ्यात किमान प्रवाह ठेवणं आणि प्रक्रिया केलेलं पाणी नदीऐवजी शेती-उद्योगाकडे वळवणं या दोन्ही गोष्टी मला एसटीपीची क्षमता वाढवण्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. त्यात साध्या एसटीपीत बीओडी कमी होतो पण नायट्रोजन-फॉस्फरस बरंच तसंच पुढे जातं, त्याच्यावर पाणवेली पोसतात. दसक-पंचकपासून पुढे सायखेडा-चांदोरीकडे जो हिरवा गालिचा दिसतो तो त्या खतावर वाढलेला. यंत्र लावून काढल्या तरी पोषण चालू असेपर्यंत पंधरा दिवसांत दुप्पट व्हायची ताकद त्यांच्यात आहे. आणि त्यांच्याखाली उजेड पोचत नाही म्हणून तिथे दुपारीही ऑक्सिजन वर येत नाही, हे मोजून बघा, पाणवेलीच्या आत आणि शंभर मीटर बाहेर मोकळ्या पाण्यात, एकाच वेळी.

पाणवेली मोजायला पैसा लागत नाही. पुलावर एक जागा ठरवा, तिथून त्याच चौकटीत दर रविवारी फोटो. सोबत सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरचा पिक्सेल आणि साधारण पाच दिवसांनी नवीन चित्र, गोदावरीचं पात्र त्यात व्यवस्थित दिसतं, पावसाळ्यात ढगांमुळे बंद. मागच्या कित्येक वर्षांचा पाणवेलीचा इतिहास घरबसल्या काढता येतो, गटात एखादा भूगोलाचा किंवा जीआयएस येणारा मित्र घ्या, हा एक अख्खा प्रोजेक्ट आहे.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या विषयाकडे येतो, दगडाखालचे जीव. पाण्याची बाटली त्या मिनिटाचं सांगते, दगडाखालचा किडा मागच्या काही आठवड्यांचं सांगतो कारण तो तिथेच राहिलाय, रात्रीही, नाला सोडला तेव्हाही, ऑक्सिजन संपला तेव्हाही. तुमचं तर झूलॉजी आहे, हे सोडून तुम्ही पीएच पेन घेऊन फिरताय याचं मला खरंच वाईट वाटतं. उथळ, खळखळत्या, गोट्यांच्या धारेत उतरा, अर्ध्या मिलीमीटरच्या जाळीची डी आकाराची नेट प्रवाहाच्या खाली धरा, वरच्या बाजूचे गोटे पायाने तीन मिनिटं हलवा, मग मोठे दगड हाताने उचलून खालची बाजू ब्रशने नेटमध्ये धुवा आणि सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. वरच्या चांगल्या ओढ्यात मे-फ्लाय नावाच्या कीटकाची तीन शेपट्यांची चपटी पिल्लं दगडाला चिकटून सरपटताना दिसतील, दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय मिळाली तर भाग्यच, वाळूचे कण किंवा पानाचे तुकडे चिकटवून घर बांधलेली कॅडिसफ्लाय, चतुर आणि टाचणी या उडणाऱ्या कीटकांची पिल्लं, खेकडे. सांडपाण्याच्या खाली याच ट्रेमध्ये लाल भडक कायरोनोमस अळ्या आणि ट्युबिफेक्ससारख्या बारीक किड्यांचे झुपके, आणि वर येऊन हवा घेणारी फायसा गोगलगाय. त्या अळ्या लाल का, तर त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, ऑक्सिजन नसलेल्या गाळातही तग धरतात. बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धत आहे, नाजूक कुळांना १० पर्यंत गुण, कायरोनोमिडीला २, गाळातल्या ऑलिगोकीट किड्यांना १, आपल्या प्रदूषण मंडळानेही तिचं भारतासाठी जुळवून घेतलेलं रूप वापरलंय. कुळापर्यंत ओळख पुरते, जातीपर्यंत जायची गरज नाही, आणि एकूण बेरजेपेक्षा प्रति कूळ सरासरी गुण बघा कारण बेरीज तुम्ही किती वेळ शोधलं त्यावर वाढते.

एक पथ्य पाळा, खळाळाची तुलना खळाळाशीच. बंधाऱ्याच्या मागच्या उभ्या पाण्यात मे-फ्लायच्या बऱ्याच जाती तशाही राहत नाहीत, त्यावरून प्रदूषण ठरवू नका. तसंच घाटांच्या परिसरात जिथे तळालाच काँक्रीट आहे तिथे दगड नाही, खाच नाही, मग जीव राहणार कुठे, पाणी कितीही शुद्ध सोडलं तरी. हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा नोंदवा, नाहीतर दोन्ही दुखणी एकाच नावाखाली जातात.

आणि हे जीव आपले आहेत हो. देवळालीजवळच्या दारणा नदीतून पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी नावाचा एक छोटा, दगडाला धरून राहणारा मासा १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा यांनी पहिल्यांदा नोंदवला, इंग्रजीत त्याला देवळालीच्याच नावाने ओळखतात, आणि आज तो आययूसीएन या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. जगाच्या यादीत आपल्या शहराच्या दारातला मासा आहे आणि नाशकात किती जणांना ठाऊक आहे? मासेमारांशी बोला, मरळ किती मिळतो, वाम दिसतो का, चिलापी कधीपासून वाढली. चिलापी कमी ऑक्सिजनमध्येही टिकते, त्यामुळे जाळं भरून येतंय म्हणजे नदी बरी आहे असं धरू नका, जाळ्यात जाती किती आहेत ते विचारा.

जंतूंबद्दल थोडक्यात. आंघोळीच्या पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म १०० मिलीलिटरला ५०० पर्यंत असावेत आणि २५०० च्या वर जाऊ नयेत असा निकष आहे. निर्जंतुक बाटली, बर्फ, आणि सहा तासांत लॅब, एसटीपीच्या जवळ घेत असाल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं नाहीतर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि आकडा खोटा चांगला येतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या त्या काळ्या होणाऱ्या एच-टू-एस बाटल्या नदीवर वाया घालवू नका, त्या काळ्याच होणार. कोलिफॉर्मची साधी सरासरी काढू नका, एक प्रचंड आकडा सगळं खेचून नेतो, मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येतो तो, घ्या. आणि २०२७ च्या सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, तेव्हा नदी मे सारखी नसते, पाणी जास्त आणि गढूळ, म्हणून त्या दोन महिन्यांचा आधीचा डेटा आत्ताच गोळा करायला लागा, नाहीतर गर्दीने किती फरक पडला हे नंतर कशाच्या तुलनेत सांगणार? बीओडी घरी करू नका, २७ अंशाला तीन दिवस ठेवावं लागतं, डायल्यूशन म्हणजे नमुना पातळ करण्याचं प्रमाण चुकलं की आकडा गेला, कॉलेजच्या किंवा मान्यताप्राप्त लॅबकडून महिन्यातून एकदा दोन जागांचं करून घ्या.

तर पंधरा हजारांत चांगलं कंडक्टिव्हिटी-तापमान मीटर, पीएच पेनसाठी ४, ७ आणि १० चे बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं), विंकलरच्या बाटल्या आणि रसायनं, अमोनियाचं किट, नेट, ट्रे, भिंग, गमबूट. पीएच पेन दर वेळी निघण्याआधी बफरमध्ये तपासा आणि तो आकडाही वहीत लिहा. दर दहाव्या नमुन्याला दुसरी बाटली घ्या म्हणजे तुमच्या हाताचा फरक किती हे कळेल. किटवर काही दिसलं नाही तर शून्य लिहू नका, किटची जी किमान मर्यादा असेल त्याच्यापेक्षा कमी असं लिहा. विचित्र आकडा आला तर खोडू नका, शेजारी शेरा लिहा.

सुरक्षेचं सांगायलाच हवं. पावसाळ्यात विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी राहणाऱ्यांना विचारा, तेव्हा जून ते सप्टेंबर प्रवाहात उतरायचं नाही, काठावरून बादलीने. पायाला जखम असेल तर उन्हाळ्यातही नाही, लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. एकट्याने कधीच नाही, आणि पहाटे जाणार म्हणून घरी आणि कॉलेजमध्ये सांगून. पुढे नांदूर मध्यमेश्वरपर्यंत काम वाढवायचं असेल, आणि वाढवाच, गोदावरी-कादवेच्या संगमावरची ती जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि शहरातून निघालेलं बरंचसं तिथेच जाऊन थबकतं, तर ते अभयारण्य आहे, नमुने घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा.

आणि परत कधी मेलेले मासे दिसले तर सगळं टाकून आधी विंकलरची बाटली भरा, त्याच जागी आणि थोडं वर जाऊन दुसरी, कारण तासाभरात पुरावा निघून जातो. मग बघा फक्त मोठे मेलेत की लहानमोठे सगळे. ऑक्सिजन संपला की सहसा मोठे मासे आधी जातात, तोंड वासलेलं, कल्ले फाकलेले, आणि हवेतून श्वास घेणारा मरळ बऱ्याचदा वाचलेला असतो. सगळ्या आकाराचे, सगळ्या जातींचे आणि भर दुपारी मरायला लागले, सोबत खेकडे-गोगलगायीही गेल्या, तर विषाचा संशय घ्या आणि वरच्या नाल्यांचं पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत भरून बर्फात ठेवा. नुकतेच मेलेले, डोळे अजून स्वच्छ असलेले चार-पाच मासे जातवार पिशवीत घालून बर्फात, फॉर्मेलिनमध्ये नको, त्यानंतर रासायनिक तपासणी नीट होत नाही. वेळ, जागा आणि फोटो घेऊन त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.